शिंदीची कुंची

नवागाम, सुरत
९ फेब्रुवारी १९९७

ती. सरलाताईस,
भिकनचा शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे, काम मात्र आटलं. दुकानाच्या पाट्यांना आता यंत्रानं कापलेली गुळगुळीत अक्षरं चिकटवतात. पण परवा नवल झालं. कडोदऱ्याला साडीच्या खोक्यांची डिझाइनं करणारा प्रफुल्लभाई आहे. मिलच्या भिंतीवरची माझी जाड, खरबरीत अक्षरं त्याला आवडली. सगळी बाराखडी कागदावर काढून दे म्हणाला. ती कॉम्प्युटरात घालून खोक्यांवर, पिशव्यांवर छापणार आहे. शिवाय मला कायमचं कामावर ठेवणार.

मी काढली, तर तेल लावून भांग पाडल्यासारखी आली! ब्रश बाजारचा ना. आबांची शिंदीची कुंची न विचारता घेऊन घरातून पळालो होतो, ती सहा वर्षांत झिजून बोटभर उरली. तशी कुंची आबाच करू जाणे. ते माझं नाव घेत नाहीत, ठाऊक आहे. तू शब्द टाकून बघ.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा भिकन

अमळनेर
१८ फेब्रुवारी १९९७

चि. भिकन यास,
सरलाताईचे अनेक आशीर्वाद.

विचारलं. आबा म्हणाले, त्यानं चोरून नेली तीच पुरवून वापरावी. वर खोकी केवढी असतात ते मात्र दोनदा विचारलं. त्यांचा हात आता थरथरतो. दिवाळीला घराला चुनासुद्धा लागला नाही. आणि तू रे? सहा वर्षांत तुला एकदा गाडीत बसता येईना? गरज पडली तेव्हा बरी बहीण आठवली! रागावले तरी तुझीच.

जेवणाची आबाळ करू नकोस.
सरलाताई

नवागाम, सुरत
२ मार्च १९९७

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं खरं आहे. यायची लाज वाटते, दुसरं काही नाही. शेजारचे हिलालभाऊ गावी निघालेत, त्यांच्यासोबत ते झिजलेलं थोटूक पाठवतो. ज्याची वस्तू त्याला द्यावी. प्रफुल्लभाईला नाही म्हणून कळवतो.

आबांच्या पायांना माझा हात लाव.
भिकन

अमळनेर
१४ मार्च १९९७

चि. भिकन यास आशीर्वाद.

आबांनी थोटूक उन्हात धरून खूप वेळ पाहिलं. एकच कड झिजलेली दिसली, तेव्हा म्हणाले की मना आंडोर अजून उलटीच धरतो. सहा वर्षं तुला नुसतं 'तो' म्हणत होते, आज माझा लेक म्हणाले. मी आत जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्वतः शिंदी तोडून आणली, भिजवली, दगडावर ठेचली. दोरा मी धरला, गाठ त्यांनी दातांनी आवळली. दोन कुंच्या झाल्या. एक हिलालभाऊंबरोबर येते आहे. प्रफुल्लभाईला नाही म्हणाला असशील तर आता हो म्हण, आणि कुंची सुलटी धर.

दुसरी मी मागितली, तर दिली नाही. आखाजीच्या सणाला घराला चुना लावायचा आहे आणि एकट्याचा हात वरपर्यंत पोचत नाही, असं तुला कळवायला सांगितलं आहे.

वाट बघते,
सरलाताई