आईने आखलेले डोळे

पुणे

प्रिय आई,

सुरभीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे. गणपतीच्या कारखान्यात आता उजेड पुरतो का गो? तुझ्या डोळ्यांतून पाणी येणं थांबलं?

आमच्या कंपनीच्या नव्या गेममधला गणपती बघितला आणि डोळ्यांची आखणी तुझीच, हे लगेच ओळखलं. कुणीतरी तुझ्या मूर्तीचा फोटो इंटरनेटवरून न विचारता उचलला होता.

मी भर मीटिंगमध्ये उभी राहिले. "हे डोळे माझ्या आईने आखलेत," म्हटलं. मग तू डोळे आखतानाचा व्हिडिओ दाखवला आणि साहेबांनी चूक कबूल केली.

तुझी परवानगी मागणारा कागद सोबत आहे. होकार दिलास तर गेममध्ये तुझं नाव येईल. दादाकडून नीट वाचून घे. पटलं नाही तर सरळ नाय म्हण, ते डोळे काढून टाकतील. माझ्या नोकरीकडे बघून सही करू नकोस.

तुझीच,
सुरभी