एक डोकं, चार दवाखाने

२ मार्च, सोमवार. सकाळी ५.४०
एकच डोकं एकाच वेळी चार दवाखान्यांत कसं न्यायचं? याचं उत्तर माझ्याकडे नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करते. पण अभ्यासाला नेमकं तेच हवं आहे.

विषय: आपल्या आणि पुलापलीकडच्या देशातल्या सरकारी व खासगी आरोग्यसेवेची तुलना. सर म्हणाले, पेशंट तुलनायोग्य हवेत. इकडे बाळंतीण आणि तिकडे मूळव्याध, असं चालणार नाही. इजा एकाच प्रकारची, ठिकाणं चार. टेबल आखलं. चार चौकोन: अलीकडे सरकारी, अलीकडे खासगी, पलीकडे सरकारी, पलीकडे खासगी. चारही कोरे. मुदत ३१ मार्च.

घरात पदवीधर मी पहिली. आईला सही येत नाही. दादाची शाळा सहावीत सुटली. त्यामुळे घरात कागद आला की माझ्याकडे. आता दोन देशांचे कागद माझ्याकडे.

संकल्प: रोज पाचला उठणे. (आजची चाळीस मिनिटं धरायची नाहीत.) तटस्थ राहणे. कोणावर चिडायचं नाही.

४ मार्च, बुधवार
अलीकडच्या सरकारीत अपघात विभागात बसले. म्हणजे उभी राहिले. एका पेशंटच्या मेव्हण्याने वॉचमनच्या थोबाडीत दिली. वॉचमनने ती जशीच्या तशी रांगेतल्या पुढच्या माणसाला दिली. त्या माणसाचा कोणाशीच संबंध नव्हता, तो चष्म्याचा नंबर काढायला आला होता. एकूण सात सेकंद. नोंद केली: प्रतिसाद जलद.

प्रश्नावली कोणी भरली नाही. एक बाई म्हणाली, पोरी, कागद आण, मी त्यावर बसते. आणि बसली.

६ मार्च, शुक्रवार
आधी घडलं तसं लिहिते.

दादाचं सोफा दुरुस्तीचं दुकान आणि शेजारचं गॅरेज यांच्यामध्ये दीड हाताची पट्टी आहे. दादा तिथे फोम उन्हात ठेवतो, गॅरेजवाला गाड्या लावतो. आज पांढऱ्या फोमवर ऑइल सांडलं. दादाने सोफ्याचा पाय उचलला. तोडलेला, सुटा पाय. गॅरेजवाल्याने पान्हा. मी मध्ये पडून दोघांना शांततेचं आवाहन केलं, तेव्हा माझी चप्पल कोणीतरी फेकून मारायला वापरली.

दादाच्या भुवईवर चार टाके. अलीकडचा सरकारी, दोन तास दहा मिनिटं. गॅरेजवाल्याच्या टाळूवर सहा टाके. अलीकडचा खासगी, पंचवीस मिनिटं, पंखे अकरा, प्यायला पाणी गार.

एकच भांडण, एकच दिवस, दोन्ही डोकी. यापेक्षा तुलनायोग्य काय असतं? वाईट अर्थातच वाटलं. जेवले नाही. (नंतर जेवले.)

७ मार्च, शनिवार
ज्यांची माहिती आपण घेतो त्यांना निष्कर्ष कळलेच पाहिजेत, हे तत्त्व मी पाळते. म्हणून दोघांना आकडे वाचून दाखवले. त्याला सहा, हे ऐकून दादाचा चेहरा खुलला. जखमेसहित खुलला. गॅरेजवाल्याने मात्र मला तीनदा विचारलं, फक्त चारच? आणि हातातला पान्हा बराच वेळ फिरवत राहिला. त्याला सार्वजनिक आरोग्याची एवढी आस्था असेल असं वाटलं नव्हतं. माणूस ओळखायला वेळ द्यावा लागतो.

११ मार्च, बुधवार
गॅरेजवाल्याने जुना सायलेन्सर दादाच्या डोक्यात घातला. मागून. दादा नव्या रेक्झिनवर पडला, रेक्झिन वाया गेलं.

वहिनी म्हणाली, सरकारी जवळ आहे, चला. मी म्हटलं, पलीकडे नेऊ, तिथलं सरकारी फार नावाजलेलं आहे. ते खरंच नावाजलेलं आहे. शिवाय तो चौकोन कोरा होता, पण ते दुय्यम.

पुलावरच्या चौकीत एका दिवसाचा पास काढावा लागतो. शिपायाने येण्याचं कारण विचारलं. मी सांगितलं, अभ्यास. त्याने दादाच्या कानामागून गळणाऱ्या रक्ताकडे पाहिलं आणि माझ्या वहीकडे पाहिलं. पास मिळायला पन्नास मिनिटं, दवाखान्यात पंधरा. ही पासष्ट धरायची की पंधरा? सरांना विचारायला हवं.

सात टाके. डॉक्टर सभ्य. परतताना पुलावर दादाला विचारलं की एक ते पाचमध्ये समाधान किती. दादाने माझं पेन घेतलं. वाटलं, स्वतःच लिहितोय. त्याने ते नदीत फेकलं. नोंद: उत्तर नाही.

१२ मार्च, गुरुवार
तत्त्वाप्रमाणे गॅरेजवाल्यालाही कळवलं. अकरा-सहा. त्याने मला बसायला टायर दिला.

वहिनीला कुठून तरी कळलं. ती कणीक मळता मळता म्हणाली, "तू नणंद आहेस की पंच?" मी तिला तटस्थता म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने कणीक इतक्या जोरात आपटली की परातीला पोचा आला. शिक्षणाचा अभाव. तिचा दोष नाही.

दादा रोज संध्याकाळी विचारतो, अकरा-सहाच ना? त्याला आकडेमोडीत गोडी वाटू लागली आहे. सहावीत शाळा सुटली नसती तर हा माणूस कुठे असता.

१५ मार्च, रविवार
आज शांतता बैठक घेतली. माझी कल्पना. दुकान बंद, दोघं समोरासमोर, मध्ये मी. ‘हिंसा आणि नागरिक’ असं चार पानी टिपण लिहिलं होतं. पहिल्या पानाच्या शेवटी मी तोपर्यंतची आकडेवारी दिली होती, म्हणजे दोघांना कळावं की आपण काय करून बसलोय. तिथे दादा उठला.

बैठक नऊ मिनिटं चालली. स्टूल एक, काच एक, गॅरेजवाल्याचा पुढचा दात एक. दात माझ्या टिपणाच्या तिसऱ्या पानावर पडला. ओठ फाटलेला. रक्त फार येत होतं. मी पांढऱ्या फोमचा तुकडा दाबून धरला. फोम चांगला शोषतो.

त्याला सरकारीत नेते म्हटलं, तर त्याने मान हलवली. फुगलेल्या ओठांतून म्हणाला की त्याला पलीकडे नेलंस ना, मग मला पलीकडच्या खासगीत ने. मी आढेवेढे घेतले नाहीत. पेशंटच्या निवडीचा आदर करावा.

ओठाला तीन टाके. तिथे जमिनीवर गालिचा आहे. त्यावर त्याचं रक्त सांडलं तर नर्सने आधी गालिचा पुसला. नोंद: स्वच्छता उत्तम.

चारही चौकोन भरले. सोळा दिवस हातात ठेवून. ओठ म्हणजे डोकं नव्हे, हे मान्य, पण ओठ डोक्यावरच असतो. तळटीप देईन.

१९ मार्च, गुरुवार
अहवाल झपाट्याने. कोष्टकं एकोणीस. खुर्च्या, पंखे, रांगेची लांबी, बोलण्यातला आदर, पाण्याचं तापमान. दोन्ही देशांतली चारही ठिकाणं आतून पाहिलेली, या भागात मी एकटीच. आरोग्य खात्यांनी वाचलं तर दोन्हीकडे बदल होतील. न वाचण्याचं कारण दिसत नाही.

दादाने दुपारी जेवताना सहज विचारलं, "म्हणजे दोनच राहिले ना?" अकरातून नऊ गेले दोन. पटकन, मनातल्या मनात केलं त्याने. मी कौतुकाने हो म्हटलं.

२० मार्च, शुक्रवार
सकाळी दहाला दादा फोम कापायची सुरी घेऊन गॅरेजात गेला. हातभर लांब असते ती, दर सोमवारी धार लावतो. गॅरेजवाल्याने त्याचं मनगट धरलं, पिरगाळलं. पातं फिरलं आणि दादाच्याच उजव्या अंगठ्याच्या मुळात शिरलं. गॅरेजभर रक्त. अंगठा लोंबत नव्हता, पण हलतही नव्हता. दादा त्याच्याकडे बघून म्हणत होता, वाक ना. वाक.

अंगठा गेला तर कात्री गेली. कात्री गेली तर दुकान गेलं. हे कोणाला सांगावं लागलं नाही.

मग सगळे माझ्याकडे वळले. आई, वहिनी, गॅरेजवाला, त्याची बायको. आई म्हणाली, "तू चारही पाहिलेस. कुठे नेऊ, सांग."

मी वही उघडली. पंखे: तीन, अकरा, सहा, वातानुकूलित. खुर्च्या. आदर. पाणी. पुढचं पान. पुढचं पान. हाताची तुटलेली शीर कोण जोडतं, हे मी चारपैकी एकाही ठिकाणी विचारलं नव्हतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गॅरेजवाल्याची बायको अलीकडच्या सरकारीत सफाईला आहे. तिने पदर खोचला आणि सांगितलं की हाताच्या डॉक्टरीणबाई मंगळवार-शुक्रवार येतात, आज शुक्रवार आहे, उचला. गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाची गाडी काढली. दादाचा हात त्याने स्वतःच्या शर्टात गुंडाळला होता.

रांग होती. बायको रांगेच्या बाजूने बादली घेऊन जाते त्या दारातून आत गेली आणि बाईंना घेऊन आली. बाई ठेंगण्या. विचारलं, कसं झालं. दादा म्हणाला, घसरलो. गॅरेजवाला म्हणाला, घसरला. बाईंनी दोघांच्या डोक्यांवरचे टाके बघितले. "एकदाच दोघं मिळून मरा. मला दर शुक्रवारी हे नको."

संमतीच्या कागदावर जवळच्या माणसाची सही हवी. मी पेन काढलं. दादा म्हणाला, तिची नको. मग आईने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. वर उचलताना तिने तो जरा वेळ बघितला.

ऑपरेशन तीन तास.

२२ मार्च, रविवार
शीर जोडली. वाकेल की नाही ते तीन आठवड्यांनी. हात पुन्हा आपटला, ओढला, कोणी पिरगाळला तर सुटेल, आणि मग परत जोडता येणार नाही. बाईंनी हे मला दोनदा सांगितलं, शिकलेली म्हणून.

ठरवलं होतं की दादापाशी कबुली द्यायची. दिली. त्याचे आकडे मी तिकडे सांगत होते, म्हटलं. त्याला माहीत होतं. गॅरेजवाल्याचे तू मला सांगत होतीस, म्हणजे माझे त्याला सांगत असणारच, असं म्हणून तो कुशीवर वळला. मी दोन दिवस मनात भाषण तयार केलं होतं. चार वाक्यांतच संपलं.

२५ मार्च, बुधवार
दादा घरी. सकाळी डाव्या हाताने सुरी धरून बघत होता. धार लावली नाही, नुसती धरली. वहिनीने विचारलं तर म्हणाला, दोन बाकी आहेत, तोवर झोप लागत नाही.

वहिनी माझ्याकडे आली. नुसती दारात उभी राहिली.

सरांचा फोन. अहवाल कुठवर? जवळजवळ तयार, म्हटलं. ते खरं आहे.

२७ मार्च, शुक्रवार. सायंकाळी ६
गॅरेजवाला भेटायला आला. दादा डावा हात उशीखाली घालून बसला. उशीखाली काय आहे ते वहिनीला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि गॅरेजवाल्यालाही माहीत असावं, कारण तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला आणि चहा डाव्या हाताने घेतला.

मी म्हटलं, अंतिम आकडेवारी वाचून दाखवते. तत्त्व आहे.

गॅरेजवाला म्हणाला, अंगठ्याचे धरायचे नाहीत, स्वतःच्या सुरीने झालेलं मोजत नाहीत. दादाने लगेच मान्य केलं. सुरीचा मान त्याला राखायचा होता.

मग मी पलीकडच्या खासगीचा कागद काढला. तिथल्या भाषेतला, तो या घरात फक्त मला वाचता येतो. वाचला. ओठ: बाहेरून तीन, आतून दोन. एकूण पाच. सहा आणि पाच अकरा. अकरा-अकरा.

दादाने गॅरेजवाल्याला तोंड उघडायला सांगितलं. बसल्या जागेवरून त्याला जवळ बोलावून, खिडकीकडे तोंड करायला लावून आत बघितलं. काही दिसत नाही, म्हणाला. मी सांगितलं, आतले टाके विरघळतात. हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे. गॅरेजवाल्याने जिभेने ओठ चाचपला आणि बराच विचार करून म्हणाला की तरीच, आतून टोचत होतं.

दादाने उशीखालून हात काढला. रिकामा. वहिनी पुढे आली आणि उशी उचलून आत नेली, तिच्याखाली जे होतं त्यासकट.

त्या कागदावर तीनच आहेत. सरांना दुपारी कळवलं की अहवाल देता येणार नाही. त्यांनी कारण विचारलं, मी आकड्यांत गडबड आहे एवढंच सांगितलं. टेबलातल्या तीनचे पाच मी काल सकाळीच केले होते. पेनाने, शाईत.