मी थांबवलेलं विमान

बाबा, मागच्या महिन्यात मी एक विमान थांबवलं. विमानात बिघाड नव्हता, हवा स्वच्छ होती, तिकडून येणारी माणसं सामान बांधून बसली होती, आणि तरीही मी ते जाऊ दिलं नाही. हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला नीट समजावून सांगायचं राहूनच गेलं. "पोरगी विमान कंपनीत हाय" एवढंच तुम्ही सगळ्यांना सांगायचात. खरं म्हणजे मी तुमचंच काम करते. उदगीरच्या बसस्थानकात कोणत्या गाडीवर कोण चालक आणि कोण वाहक हे तुम्ही लावायचात. कोणत्या विमानावर कोण वैमानिक आणि बाकीचा क्रू कोण, हे मी लावते. फक्त तुमच्या चालकाला निलंग्यात मुक्काम करायला कुणाची परवानगी लागत नव्हती. माझ्या माणसांना परक्या देशात उतरून हॉटेलात झोपायचं तर व्हिसा लागतो.

एका देशाशी आपल्या सरकारचं बिनसलं. मंत्र्यांनी एकमेकांना सुनावलं, दोन्हीकडच्या वकिलातींतली निम्मी माणसं परत पाठवली गेली. पेपरात चार दिवस आलं आणि थांबलं. आमच्याकडे मात्र तिथून पुढे सुरू झालं. क्रूच्या व्हिसाचे अर्ज वकिलातीत जाऊन पडायला लागले. ते नाही म्हणत नव्हते आणि होही म्हणत नव्हते. पासपोर्टच तिथे अडकून पडल्यामुळे ती माणसं दुसऱ्या कुठल्या देशातही पाठवता येईनात. रोजचं विमान आठवड्यातून तीनदा जायला लागलं, मग दोनदा. ज्यांचे व्हिसा अजून चालू होते त्याच त्याच माणसांना मी पुन्हा पुन्हा पाठवत राहिले, आणि दर आठवड्याला कुणाची तरी मुदत संपून यादी आखूड होत गेली. त्या सकाळी यादीत दोनच वैमानिक उरले होते. दोघंही आदल्या दिवशी लांबच्या उड्डाणावरून आलेले, नियमाप्रमाणे त्यांची विश्रांती पूर्ण व्हायला तीन तास कमी पडत होते. आणि तिकडच्या विमानतळानं उतरायला दिलेली वेळ पुढे सरकत नव्हती.

माझे साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत. खुर्ची ओढून ते समोर बसले. "मॅडम, तीन तासांचाच प्रश्न आहे. कागदावर विश्रांती पूर्ण दाखवा, पुढचं मी बघतो." तेवढ्यात त्या दोघांपैकी मोठ्याचा फोन आला, "मी ठीक आहे, मी जातो." आवाज जड होता. मी फोन ठेवला आणि साहेबांकडे बघत राहिले, पण मला ते दिसत नव्हते.

मला दिसत होता उदगीरचा फलाट. लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झालीत. पाऊस नाही. स्थानकाच्या टाकीत टँकरचं गढूळ पाणी आहे, ते पिऊन निम्मे चालक जुलाब-उलट्यांनी घरी पडलेत. मी दहावी झालेय, आपल्या बौद्धवाड्यातली पहिली मुलगी. लातूरच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज दुपारपर्यंत तिथल्या समाजकल्याणच्या कचेरीत द्यायचाय, आजचा शेवटचा दिवस. नव्या जिल्ह्यात कुठला कागद कुठल्या टेबलावर हेच कुणाला माहीत नसल्यानं तहसीलचा शिक्का मला कालच मिळालाय. सकाळची रेल्वे निघून गेलीय, लातूरच्या दोन फेऱ्या रद्द झाल्यात. तिसरी गाडी फलाटावर उभी आहे, भरलेली, आणि ती न्यायला एकच चालक आहे, रात्रभर हैदराबादहून गाडी चालवत आलेला.

"नेतो की साहेब मी," तो म्हणतो. "लातूर काय लांब हाय व्हय?"

तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघता. मग खिडकीतून वाकून मोठ्यानं सांगता, "ही गाडी जाणार न्हाई. मी थांबवलीय."

लोक धावून आले. कुणी म्हणालं, "खुर्ची भेटली की असंच करतेत तुमचे लोकं." तुम्ही ते ऐकलंत आणि वहीत लिहीत राहिलात. मी गर्दीतून पुढे आले, अर्जाची पिशवी छातीशी धरून, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही माझे बाप नाही, नुसते कंट्रोलर आहात." तुम्ही मान वर केली. "घरी जा," एवढंच म्हणालात. घरी आई फडक्यातून पाणी गाळत होती. तुम्ही संध्याकाळी आलात, चुलीपाशी बसून भाकरी खाल्लीत. मी तोंड फिरवून बसलेली. तुम्ही विचारलंत, "त्याचे डोळे बघितलीस का तू?" मी उठून अंगणात गेले.

त्या चालकाचं पुढे काही झालं नाही. विश्रांतिगृहात दिवसभर झोपला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. तुम्ही बरोबर होता असं कधी सिद्ध झालं नाही. माझं वर्ष मात्र गेलं, आणि लोकांच्या तक्रारींवरून तुमची बदली किनवटला झाली. पुढच्या उन्हाळ्यात रजा काढून तुम्ही मला नांदेडच्या कॉलेजात घेऊन गेलात, खाकी न घालता, साध्या सदऱ्यात, आणि प्रवेशाच्या रांगेत माझ्या जागी तुम्हीच उभे राहिलात. त्या दिवसाविषयी आपण दोघंही बोललो नाही. तुम्हाला वाईट वाटलं होतं का, हे मी विचारायला हवं होतं.

मी साहेबांना म्हणाले, "हे विमान जाणार नाही. लेखी देते." त्यांचा चेहरा उतरला. लेखी दिलं, दोन ओळींत. मग परत येणाऱ्या प्रवाशांची यादी मागवली. त्यातल्या सतरा जणांची तिकडे राहायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती; संबंध बिघडल्यापासून तिकडचं सरकार मुदत वाढवून देत नव्हतं, सरळ आत टाकत होतं. मी एकेकाला स्वतः फोन लावायला बसले. त्यात तिकडे बांधकामावर गेलेला देगलूरकडचा एक सेंटरिंगवाला होता. माझी दोन वाक्यं ऐकून तो म्हणाला, "मॅडम, तुमी आमच्याकडच्या हाव का?" मी हो म्हटलं, तर पलीकडून रडण्याचाच आवाज यायला लागला. "मला जेलात टाकतेत हो. माय एकटीच हाय घरी."

मी त्या दिवशी टेबल सोडलं नाही. ज्या कंपन्यांशी आमचं वैर आहे त्यांच्याही लोकांना फोन केले, ओळखी काढल्या, गयावया केली, दमही दिला. कुणाला एका तिसऱ्या देशातून, कुणाला दोन विमानं बदलून, असं करत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सतराही जण तिथून निघाले. आठवड्याभरात तो मार्गच बंद झाला. माझ्याकडून आता खुलासा मागवलाय, आणि दुसऱ्या विभागात बसा असंही सुचवलंय. मी नाही म्हणून कळवलंय. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. ती मी याच टेबलावर काढणार, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा थांबवणार.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, त्याचं कारण पुढे आहे. विमान थांबवल्याच्या चौथ्या दिवशी त्या सेंटरिंगवाल्याचा फोन आला. मागे गाड्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"मॅडम, पोचलो बगा. देगलूरच्या स्टँडावर हाय. त्या सरकारनं इमान अडवलं, पर तुमी होतात म्हणून वाचलो. लई उपकार झाले."

विमान तिकडच्या सरकारनं अडवलं असं पहिल्या फोनमध्ये मीच त्याला सांगितलं होतं. तेव्हा घाई होती, तो रडत होता. आता घाई नव्हती. मी म्हटलं, "घरी जा आधी, आई वाट बघत असेल," आणि फोन ठेवला.