तेरा चमचे आणि हेस्टरचे बाळ

आज सकाळच्या टपालाने आले: चांदीचा जुना चमचा, दांडीच्या टोकाला प्रभू येशूची मूर्ती, नग एक. किंमत चाळीस पौंड, टपालखर्च दोन शिलिंग. बारा प्रेषितांचे बारा चमचे आधीच होते. सव्वीस वर्षांनी संच भरला. म्हणून मी, मेबल टॅपस्कॉट, कै. कथबर्ट यांची पत्नी, वय सदुसष्ट, राहणार बार्नस्टेपल, देवाला स्मरून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपण आले होते, मानले नाही.

१. घर व बँकेतली ठेव बहीण ऑलिव्ह हिला, कोंबड्यांसकट. त्यांची अंडी विकून हे संत घरात आले. त्यांना कापू नये.

२. धाकटे दीर अँब्रोज, जुन्या चांदीचे व्यापारी, यांना संत अँड्र्यूचा चमचा, त्यांच्याच पावतीसह. साध्या चमच्याच्या दांडीवर मूर्ती नव्याने झाळून, म्हणजे डाग देऊन जोडून, त्यांनी तो मला जुना म्हणून विकला. पहिल्यांदा घासतानाच कळले होते. घरातली गोष्ट म्हणून गप्प राहिले.

३. लग्नाआधी दिवस गेले म्हणून अँब्रोज यांनी आपली मुलगी हेस्टर हिला मार्चमध्ये घराबाहेर काढले. तिच्या होणाऱ्या बाळाची धर्ममाता मी. बाप्तिस्म्याला धर्ममातेने बाळाच्या नावाच्या संताचा चमचा द्यायचा, ही आपली रीत. मी आधी गेले तरी तो संचातून काढून द्यावा.

हे मी आज चहाच्या वेळी सांगितले, तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, संच मोडलात की किंमत निम्मी. मग ते नुसते चमचे."

"चमचेच आहेत ते, भाऊजी. संच मोडायची एवढी धास्ती, मग घर मोडताना कुठे गेली होती?"

ते टोपी उचलून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला. तो मी प्याले.

४. मुलगी झाली, किंवा हेस्टरने बारांबाहेरचे नाव ठेवले, तर आज आलेला प्रभूचा चमचा द्यावा. तो सगळ्यांचाच आहे.

५. उरलेले आमच्या चर्चला. दर बाप्तिस्म्याला एक, बाळाच्या आईचे लग्न झाले का हे न विचारता.

बार्नस्टेपल, ९ जून १९५४
सही: मेबल टॅपस्कॉट
आमच्यादेखत सही केली: एडिथ लस्कम, शिवणकाम, जॉर्ज चग, पोस्टमन

ता. क. ही नक्कल हेस्टरला. पोरी, नाव तुझ्या मनाचे ठेव. फक्त अँड्र्यू नको. तो तुझ्या वडिलांना दिला आहे. काय ठरवलेस ते उलट टपाली कळव, म्हणजे चमचा घासून ठेवते.