डाव्या हाताची खुर्ची

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाना घरी आले हे तुला फोनवर कळलंच आहे. तेव्हा जे बोलता आलं नाही ते लिहितो, कारण फोन नानांच्या खोलीला लागून आहे आणि त्यांचे कान अजून भलतेच तिखट आहेत.

अर्धांगाच्या झटक्याने लुळा पडलेला उजवा हात हळूहळू सुधारेल म्हणतात. खरी भीती घशाची आहे. गिळण्याची ताकद कमी झाली आहे, घास चुकून श्वासाच्या वाटेला जाऊ शकतो. दवाखान्यात गिळायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी बजावलंय की नानांनी ताठ बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे, हनुवटी खाली, चमचाभर मऊ घास, आणि खाताना बोलणं-हसणं बंद. आपल्या घरात अशी शिस्त कधी होती? कोणी सोफ्यावर, कोणी पलंगावर, आणि नाना आरामखुर्चीत रेलून पोटावर ताट ठेवून. म्हणून जेवणाचं टेबल घ्यायचं ठरलं.

घाई अशासाठी की पहिल्याच दिवशी त्यांना ठसका लागला. चेहरा जांभळा पडला. मी पाठीत धपाधप मारत सुटलो. बाई नंतर रागावल्या, म्हणाल्या, खोकला येतोय तोवर येऊ द्यायचा, त्यानेच घास सुटतो. आवाजच बंद झाला तर गोष्ट वेगळी. हे ऐकायला ठीक आहे गं. पण मी त्यांचे डोळे पाहिलेत. तेव्हापासून जेवायची वेळ झाली की माझ्याही घशाखाली काही उतरत नाही.

काल फर्निचरच्या दुकानात आम्ही वेड्यासारखं वागलो. तुझ्या भावजयीला नाना म्हणून बसवलं. तिने खोकल्याचं सोंग केलं की मी समोरून उठून तिच्या पाठीशी धावायचं, अशी प्रत्येक टेबलाची परीक्षा घेतली. लांब टेबलांचे कोपरे आडवे येतात. एकाने माझी मांडी काळीनिळी केली. दुकानदार आधी हसला, मग त्याने एक माणूस आमच्या मागे उभा केला. शेवटी एक गोल टेबल मनात भरलं. कोपरा नाही, आणि कुठेही बसलं तरी नानांचा गळा समोर दिसतो. चार खुर्च्या आहेत, चौथी तुझी. तुझं मत कळलं की उचलतो.

लोभ आहेच, माझ्या घाबरटपणामुळे तो कमी करू नकोस.

तुझा,
बारक्या

दि. ९ मार्च

चि. बारक्यास अ. आ.

दुकानातला प्रकार वाचून हसले, आणि मग शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत रडले. इथे परीक्षा तोंडावर आल्यात आणि मुख्याध्यापिकेलाच रजा मागायची चोरी. फोन वाजला की वाटतं, हा तोच फोन.

गोल टेबल बरोबर आहे, पण वर काच असलेलं घे. नानांचे पाय टेकलेत की नाहीत हे वरूनच दिसेल. तुम्हा दोघांपैकी एकाची नजर सतत त्यांच्या घशावर हवी. रेडिओ नको, गप्पा नकोत. तू जन्माचा धांदरट, म्हणून चार वेळा सांगते. मी तिथे असते तर समोर बसून पापणीसुद्धा लवू दिली नसती.

स्वतः जेवत जा. तू पडलास तर त्यांना कोण बघणार?

तुझी काळजीवाहू,
ताई

दि. २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टेबल आलं. काचेचं, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. नानांचे पाय स्पष्ट दिसतात. सगळं बाईंनी सांगितल्यासारखं होतं. फक्त नाना जेवत नाहीत.

दोन चमचे झाले की वाटी सरकवतात आणि भूक नाही म्हणतात. मऊ भात, कुस्करलेला बटाटा, घट्ट सूप, सगळं करून झालं. आम्ही दोघं श्वास रोखून बघत बसतो आणि काचेवर चमच्याचा आवाज तेवढा होतो. वजन उतरत चाललंय. डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर पोटात नळी घालावी लागेल, मग तोंडाने खाणं बहुधा सुटलंच समजा. नाना ऐकत होते.

याहून वाईट पुढे आहे. बिस्किटांचा डबा हलका लागला म्हणून तुझ्या भावजयीने लक्ष ठेवलं. दुपारी ती जरा आडवी झाली होती आणि मी कामावर, चष्म्याच्या दुकानात होतो, तेव्हा नाना भिंत धरत स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभे राहून कोरडी बिस्किटं खाताना तिला दिसले. एकटे! बाईंनी हात जोडून नको सांगितलेली नेमकी तीच वस्तू. ठसका लागला असता तर आम्हाला फरशीवरच सापडले असते. मी स्वयंपाकघराला कुलूप लावलं. बापाच्या डोळ्यांसमोर लावलं, ताई. तूच त्यांना लिही, तुझं ते ऐकतात.

तुझा,
बारक्या

दि. ३० मार्च

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझं रागाचं पत्र पोचलं. मुख्याध्यापिका शोभतेस. हे डाव्या हाताने लिहितोय, तेव्हा अक्षराचे गुण कापू नयेत.

बिस्किटं खाल्ली, कबूल. चूक होती हेही कबूल. पण का खाल्ली ते विचारलं नाहीस. तिथे मला कोणी बघत नव्हतं म्हणून.

त्या टेबलाशी मी बसलो की दोघंजण हातातलं टाकून माझ्या गळ्याकडे टक लावतात. मी चावतो तेव्हा तेही चावल्यासारखं तोंड हलवतात. माझा घास त्यांच्या घशात अडकतो. बारक्या दिवसभर लोकांचे डोळे तपासतो आणि घरी येऊन माझा घसा. त्याचं तोंड पाहिलं की मला माझं मरण दिसतं आणि घसा आवळतो. ठसका लागला त्या दिवशी मी फार घाबरलो होतो. कोणाला सांगितलं नाही, तुला सांगतो. अजून घाबरतो, रोज. नळीला तर त्याहून जास्त.

मालगाडी चालवली तेवढी वर्षं मी इंजिनात सहायकाच्या शेजारी बसून जेवलो. दोघांची नजर पुढे, रुळावर. कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नसे. काही बिनसलं की मी त्याच्या हातावर हात ठेवायचो. तेवढं पुरायचं.

असं एखादं टेबल मिळतं का, बघा. एकट्याने खाणार नाही, वचन देतो. पण समोर नका बसू रे.

लोभ तर तुमचा आहेच. तो थोडा बाजूला सरकून बसू दे.

तुझे,
नाना

दि. ४ एप्रिल

चि. बारक्यास अ. आ.

नानांचं पत्र सोबत पाठवते. वाचून मला तोंड लपवावंसं वाटलं. परीक्षेत एखाद्या मुलाच्या डोक्याशी उभं राहिलं की त्याची लेखणी थांबते, हे मी नव्या शिक्षकांना दरवर्षी सांगते. काचेचं टेबल मीच घ्यायला लावलं.

ते बदल. कुलूपही काढ. भीती मलाही वाटते, तरी काढ.

ताई

दि. १५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुलूप काढलं, बिस्किटं शेजाऱ्यांना दिली. नानांना घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखलं आणि आधी नाजूक टेबलं बाजूला केली. नानांनी एक लांब, अरुंद, साधं लाकडी टेबल निवडलं. ते आता खिडकीला लावलंय. तिन्ही खुर्च्या एकाच बाजूला, तोंडं रस्त्याकडे. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान दिसतं.

बाईंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, पण शेजारी माणूस हवाच आणि खूण ठरलेली हवी. खूण इंजिनातलीच. नाना डाव्या हाताने खातात, म्हणून मी त्यांच्या डावीकडे बसतो. काही वाटलं तर ते चमचा ठेवून माझ्या उजव्या हातावर हात ठेवणार. तेव्हा माझा उजवा हात टेबलावर मोकळा पडलेला असायला हवा, आणि मी डाव्या हाताने खायचं. निम्मा भात माझ्या शर्टावर असतो. पहिल्या दिवशी ते बघून नानांना हसू आलं, आणि खाताना हसायचं नाही म्हणून त्यांनी चमचा खाली ठेवून रीतसर हसून घेतलं.

परवा ठसका लागला. माझ्या हातावर हात आला, गच्च. ताई, माझा जीव जायचा राहिला. पाठीत मारायला दुसरा हात उचलला होता. पण खोकल्याचा आवाज येत होता, म्हणून तो खाली घेतला आणि समोरच्या सायकलवाल्याकडे बघत बसलो. तो चाकात हवा भरत होता. नाना खोकत राहिले, त्यांची नखं माझ्या हातात रुतली. मग पकड सैल झाली, पण हात उचलला नाही. तुझी भावजय पलीकडे जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी पुन्हा चमचा उचलला, मीही डाव्या हाताने खाऊ लागलो, आणि शेवटी त्यांच्या रिकाम्या वाटीत चमचा वाजला. तेव्हा मी खाली पाहिलं, तर माझंही ताट रिकामं झालं होतं.

वजन थोडं चढलंय. डॉक्टर नळीचं बोलले, पण पुढे बघू म्हणाले. भीती गेलेली नाही. रोज जेवायला बसताना ती असतेच, फक्त आता आम्ही तिघं तिच्याबरोबर जेवतो.

चौथी खुर्ची भिंतीशी ठेवली आहे. तू आलीस की नानांच्या डावीकडची जागा तुझी. मी पलीकडे सरकेन. तोवर तिथे डाव्या हाताने जेवायची सवय करून घे.

तुझा,
बारक्या