खुर्ची पुन्हा केली

रविवार, १२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

खूप खूप आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा खोकला गेला, आवाज मात्र अजून बसलेलाच, त्यामुळे घरात शांतता आहे. तुझी पाठ कशी आहे? पट्टा लावून बसतेस ना? फोनवर विचारलं की तू ‘हो’ म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहूनच विचारते.

विमान जवळजवळ झालं. तू इस्पितळात होतीस तेव्हा बाबांनी सुटे भाग जोडून करायच्या विमानाचं खोकं आणलं होतं, तेच. ‘हिचे हात रिकामे राहिले तर ही आपल्या सगळ्यांना वेड लावेल,’ माझ्याबद्दल म्हणाले. तू उडवायचीस त्याच जातीचं जेट, पण प्लास्टिकचं, आणि आकाराने एवढं की जेवणाचं टेबलच गेलं. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो.

तुला वाटेल, आईला विमानातलं काय कळतं. पण उभा जन्म कवळ्या करण्यात गेला गं माझा. विमानाच्या अंगाच्या दोन फाका जोडल्या तर मधे ही फट! कवळीचा चावा बसत नाही तेव्हा जे करते तेच केलं. कानस घेतली, जरा घासलं, लावून पाहिलं, पुन्हा घासलं. उरलेल्या जागेत पुट्टी भरली. पत्र्यांचे जोड साच्यात उंचवट्यासारखे आले होते. फोटोत बघितलं तर खऱ्या विमानावर ते आत गेलेले. सगळे घासून सपाट केले आणि सुईने नव्या रेघा कोरल्या. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ‘बाई, एवढी मेहनत आपल्या पेशंटांच्या दातांवरही घेत चला.’

तुझा खुर्चीवाला दर रविवारी येतो. तुझ्या विमानातल्या खुर्चीची देखभाल करणारा, इस्पितळाच्या व्हरांड्यात रोज उभा राहायचा तो. इंजिनात पक्षी शिरला, तू मूठ ओढलीस, खुर्चीने तुला बाहेर फेकलं, पॅराशूट उघडलं, ते सगळं त्याने आधी तपासून ठेवलेलं. तरी बिचारा तोंड लपवत होता. ‘काकू, त्यांची पाठ माझ्या खुर्चीनेच मोडली,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘अरे, पण ती आहे ना!’ मग दोघंही रडलो. तेव्हापासून तो आपला झाला.

खोक्यातली खुर्ची बघून तो हसायलाच लागला. ‘काकू, ही तर सिनेमागृहातली!’ म्हणून ती मी पुन्हा केली. मलमाच्या रिकाम्या ट्यूबचा पातळ पत्रा कापून खांद्याचे आणि मांडीचे पट्टे केले. दातांना लावायची तार वळवून बकलं केली. मांड्यांच्या मधली पिवळी-काळी मूठ आधी फारच नाजूक झाली होती. तो म्हणाला, ‘मोठी करा. जाड हातमोज्यात, न बघता सापडायला हवी.’ मोठी केली.

ती रंगवून झाल्यावर मी एक वेडेपणा केला. स्टुलावर ताठ बसले, डोळे मिटले, दोन्ही हात गुडघ्यांच्या मधे नेले आणि जोरात वर ओढले. नेमके बाबा आत आले.

‘काय चाललंय?’

‘काही नाही. पाठ मोकळी करतेय.’

ते शेजारी येऊन बसले. माझे दोन्ही हात त्यांनी धरून ठेवले. मूठ ओढायचं तू एका क्षणात ठरवलंस. मला संध्याकाळची भाजी ठरवायला अर्धा तास लागतो.

एवढं सगळं लिहिलं आणि मंगळवारचं काहीच नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

मंगळवारी तू फोन केलास. वैद्यकीय मंडळाने नाही म्हटलं, बाहेर फेकणारी खुर्ची असलेलं विमान आता नाही, हवं तर मालवाहू विमान. मग तू विचारलंस, ‘आता तरी तुला झोप लागेल ना, आई?’ आणि फोन ठेवलास. चिडून नाही. चिडली असतीस तर बरं झालं असतं.

तू इस्पितळात म्हणाली होतीस, ‘बरी झाले की मी परत त्या खुर्चीत बसणार.’ मी तुझ्या उशाजवळचं टेबल पुसत राहिले. ते स्वच्छच होतं. मला काय हवंय ते तुला तेव्हाच कळलं. आणि खरंय ते, मी रोज मनात तेच मागत होते.

तर मंगळवारी ते मिळालं. खोटं कशाला बोलू, आधी हुश्श झालं. मी चहा ठेवला. चहाला उकळी येईपर्यंत ते हुश्श टिकलं. मग असा संताप आला की गॅस बंद करून बाहेर आले आणि बाबांवरच ओरडले, ‘कोण हे लोक, माझ्या मुलीला नाही म्हणणारे?’

बाबा म्हणाले, ‘अगं, तुलाच तर हे हवं होतं.’

‘मला हवं होतं! त्यांना काय अधिकार?’

हसू नकोस. म्हणजे हस, हसलीस तर बरंच आहे.

आज खुर्चीवाल्याने सांगितलं की दुसऱ्यांदा तपासणी मागता येते. तो गेल्यावर बाबांच्या पोटात राहिलं नाही. तू त्यांना म्हणालीस म्हणे, ‘मला माहितीये, पण राहू दे. आईला बरं वाटतंय ना.’

भिंगरी, हे माझ्या नावावर खपवू नकोस. मालवाहू विमान तुला खरंच आवडणार असेल तर खुशाल घे, मी एक शब्द बोलणार नाही. पण माझ्यासाठी सोडत असशील, तर असली झोप मला नको. मी घाबरायची थांबणार नाही. तू जमिनीवर होतीस तेव्हाही घाबरतच होते, सायकल शिकलीस तेव्हापासून. ते माझं मी बघेन.

तपासणी माग. पुन्हा नाही म्हणाले तर नाही, पण ते त्यांना म्हणू दे, आपण नको. त्या दिवशी मी तिकडे येते. बाहेरच्या बाकावर बसेन. आत काय झालं ते सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नुसती शेजारी येऊन बस. घाई नाही.

भीतीसकट तुझ्याच बाजूची,
आई