बारा नंबर उणेच आहे

३ मार्च, मंगळवार

अकराव्यांदा उणे. यंत्राच्या पडद्यावर उणे चौदा — मुंगीने पाहिलं, मी पाहिलं.

मुंगी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली साखरवाली. चार वर्षं साखरेच्या रेणूंवर संशोधन करते, म्हणून पोरांनी नाव पाडलं. शोभतं तिला. स्वतःच्या वजनाहून जास्त ओझं उचलते आणि कुरकुर नाही.

सरांनी कागद बघितला न बघितला, परत सरकवला. "तुझा माल अशुद्ध आहे. पुन्हा कर." बारा नंबरचा पदार्थ अधिकच यायला हवा, कारण सरांच्या बावीस वर्षांपूर्वीच्या लेखात तो अधिक आहे. त्या लेखावर सर मोठे झाले. छापलेलं ते खरं, डोळ्यासमोरचं खोटं!

पुन्हा करायचं म्हणजे तीन आठवडे. पोरीकडे सहाच आहेत. नोकरी ठरली आहे, पण प्रबंध पंधरा एप्रिलच्या आत मंजूर झाला तर. नाहीतर ती जागा दुसऱ्याला.

५ मार्च, गुरुवार

ह्यांनी जेवताना विचारलं, "त्या अधिक-उण्यात एवढं काय अडलंय?" हे जन्मभर शिंपीकाम केलेले, म्हणून बाहीवरून सांगितलं. दोन्ही बाह्या एकाच कापडाच्या, एकाच मापाच्या. पण डावी बाही उजव्या खांद्याला लावली तर सदरा अंगात बसत नाही. काही रेणू असेच जोडीने असतात. एक प्रकाशाला उजवीकडे वळवतो, तो अधिक. दुसरा तेवढाच डावीकडे, तो उणे.

आणि बारा नंबर होतो कसा, तेही सांगितलं. दोन तुकडे समोरासमोर येतात आणि एकदम दोन्ही हात धरतात — कडं तयार. एका तुकड्याला साखर बांधलेली असते. कुठल्या अंगाने यायचं ते ती ठरवते. साखर म्हणजे घरातली थोरली जाऊ, तिच्या परवानगीवाचून कुणी आत येत नाही.

"म्हणजे तुझ्या सरांनी बाही उलटी शिवली."

"शिवली नीट. चिठ्ठी उलटी टाचली."

"मग चिठ्ठी काढायला काय जातं?"

ह्यांच्या धंद्यात उसवणं हेही कामच. आमच्याकडे उसवलं की अब्रू जाते.

९ मार्च, सोमवार

आज मुंगीने बाटल्या पुसता पुसता विचारलं, "मावशी, तेव्हा हे मोजलं कुणी होतं?"

"होतो आम्ही सगळे," म्हटलं आणि दुसरं काम काढलं.

इथे लिहिते. मोजलं मी. तेव्हा पडद्याचं यंत्र नव्हतं. पदार्थ विरघळवून काचेच्या नळीत भरायचा, नळी यंत्रात ठेवायची आणि डोळा लावून पाहायचं, गोल चकतीचे दोन अर्ध दिसायचे, एक उजळ, एक काळपट. दोन्ही सारखे होईपर्यंत चाक फिरवायचं आणि मग आकडा वाचायचा. सरांना त्यात डोळा लावला की पाणी यायचं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पोरांच्या टाकून दिलेल्या वह्यांतून शिकले मी. सातवी पास बाई. पण चकती सारखी झालेली मला कळायची, जसं दूध उतू जायच्या आधी कळतं.

त्या दिवशी पदार्थ होता सहा मिलिग्रॅम. तीनदा मोजलं. तीनदा उणे चौदा.

सर म्हणाले, "उलटं वाचताय, मावशी. शून्याच्या कुठल्या बाजूला आहे ते कळतंय ना?" त्यांनी आधीच हिशेब मांडला होता की अधिक येणार. स्वतः एकदाही डोळा लावला नाही. वहीत अधिक लिहिलं. मी गप्प बसले. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, माझंच चुकलं असेल. चार दिवस वाटलं. पाचव्या दिवशी वाटेनासं झालं, पण तोवर लेख गेला होता.

तीस वर्षांत माझा हुद्दा तीनदा बदलला. हाक एकच — मावशी.

१२ मार्च, गुरुवार

सांगितलं सरांना. दार लावून सांगितलं, पाणउतारा नको म्हणून.

"सर, मुंगीचं बरोबर आहे. तेव्हा मीही उणेच म्हटलं होतं."

पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाले, "कागद आहे काही?"

"कागद तुम्ही लिहायचात. मी आकडा सांगायची."

"मग झालं तर," म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण. दुसरं काय?

१३ मार्च, शुक्रवार

मी बाटल्या-नळ्या धुते त्या खोलीवरून सर आज गेले नाहीत. लांबचा जिना घेतला. गुडघे दुखतात त्यांचे, तरी.

१८ मार्च, बुधवार

प्रबंधाच्या बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलं. मसुदा आधीच त्यांच्याकडे गेला होता; त्यांनी मुंगीच्या पद्धतीने बारा नंबर आपल्याकडे करून पाहिला. उणे चौदा. जुना आकडा कारण देऊन मागे घ्या, मग तोंडी परीक्षा घेतो, असं लिहिलंय.

मला वाटलं, सुटली पोर.

दुपारी सर धुण्याच्या खोलीत आले. या खोलीत तीस वर्षांत पहिल्यांदा. स्टूल ओढून बसले.

"दुरुस्ती छापायची तर कारण द्यावं लागतं, मावशी."

"खरं द्या."

"खरं काय ते कुणाला ठाऊक? बावीस वर्षं झाली. नळीत आधीची साखर राहिली असेल. साखरही प्रकाश उजवीकडे वळवते, आणि एवढासा पदार्थ होता, साखरेचा एक थेंब पुरतो आकडा फिरवायला. नळ्या कोण धुवायचं तेव्हा?"

"मीच."

"तेच म्हणतोय मी."

टाइप केलेला कागद खिशात तयार होता. मी तो हातात घेतला नाही, तर त्यांनी बेसिनच्या कडेला ठेवला. ओला झाला कोपरा.

"हे नसलं तर मला सगळं पुन्हा तपासावं लागेल. महिने जातील. तिची तारीख तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तर दोन महिन्यांत निवृत्त होताय. तुमचं काय बिघडतं?"

माझं काय बिघडतं!

या नोकरीत पहिली शिकले ती नळी धुणं. तीनदा पाणी, दोनदा ॲसिटोन, मग उजेडासमोर धरून आरपार बघायचं. सासूबाई गेल्या त्या दिवशी निरोप आला तेव्हा हातात नळी होती. धुऊन, उजेडात बघून, जागेवर ठेवूनच घरी गेले. नणंद अजून बोलून दाखवते.

१९ मार्च, गुरुवार

ह्यांना सांगितलं. भडकले. "दुसऱ्याने बिघडवलेला सदरा मी कधी माझा म्हटला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी? आणि संन्यासीच निघालाय दोर घेऊन?"

"पोरीचं कापड त्यांच्या कातरीखाली आहे."

"मग पोरीला तरी खरं सांग."

तेच दिवसभर घोळवतेय. सांगितलं तर ती भांडेल. तिला ओळखते मी, एवढीशी असली तरी डसेल. ती भांडली की सर तारीख उलटेपर्यंत तपासत बसतील. माझ्याकडे कागद नाही. माझ्याकडे फक्त मी आहे, आणि माझं वजन किती ते तेव्हाच कळलंय.

२० मार्च, शुक्रवार

सही केली. 'नळी नीट धुतली गेली नव्हती.' त्याखाली माझं नाव. तीस वर्षांत माझं नाव कुठे छापून येणार असेल तर ते हे.

सर म्हणाले, "मोठं मन आहे तुमचं."

मी म्हटलं, "आकार नका सांगू, सर. तारीख गाठा."

२७ मार्च, शुक्रवार

दुरुस्ती गेली. परीक्षेचा दिवस ठरला, दोन एप्रिल. परीक्षक आधी स्वतःसमोर बारा नंबर मोजून घेणार.

सरांनी सगळ्यांसमोर कारण सांगितलं. छान सांगितलं, माझी बाजू घेऊन. माणूस आहे, चूक होते, कुणी मावशींना बोलायचं नाही, वगैरे. पोरांनी माना डोलावल्या. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मुंगी आली. डबा हातात, निघालेली. उभी राहिली.

"मावशी, अकरा वेळा केलं मी. सात महिने. तुमच्याशेजारी उभं राहून केलं."

"हो गं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

काय सांगणार? "आठवलं नाही," म्हटलं. तीस वर्षांत आकडा खोटा सांगितला नाही, आणि आज एका आठवड्यात दुसरं खोटं.

तिने मान हलवली. आवाज चढवला नाही. तो सरांवर चढवला असता.

२ एप्रिल, गुरुवार

उणे चौदा. परीक्षकांनी हात मिळवला तिच्याशी. प्रबंध मंजूर.

मोजण्याआधी मी नळी धुतली, उजेडात पाहिली आणि तिच्या हातात दिली. तिने घेतली, थँक्यू म्हणाली, आणि बेसिनवर नेऊन पुन्हा धुतली.